काहिलीचा चौथा कान

एका उघड्या माळाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावाची एक काहील होती. गुळाच्या काहिलीसारखीच, पण तिच्याहून मोठी. जाड लोखंडाची, हातभर खोल. तिला चार बाजूंना चार कड्या होत्या. गावातली माणसं त्यांना कान म्हणत. गावात आळ्याही चारच होत्या: वरची, खालची आणि मधल्या दोन. एकेका आळीनं एकेक कान धरायचा, तेव्हा काहील उचलली जायची. तीनच आळ्यांनी जोर लावला, तर ती नुसती एका बाजूला कलायची.

चैत्रात माळावरच्या देवीची जत्रा भरायची. माळावर ना झाड, ना घर. देवीसुद्धा उघड्यावरच, एका दगडी चौथऱ्यावर. त्या दिवशी सगळ्या आळ्यांचा गहू आणि गूळ एकत्र व्हायचा, काहिलीत खीर शिजायची आणि गाव एका पंगतीला बसायचं.

या जत्रेची एक रीत होती. आदल्या दिवशी वरच्या आळीच्या कारभाऱ्यानं बाकीच्या कारभाऱ्यांच्या दारी स्वतः जायचं, त्यांच्या हातावर सुपारी ठेवायची आणि म्हणायचं, "उद्या कान धरायला या." सुपारी हातावर पडली की ती आळी यायला बांधली गेली.

एका वर्षी वरच्या कारभाऱ्याचा गुडघा सुजला. मधल्या दोन आळ्या तो कसाबसा फिरला. खालच्या आळीचा उतार मात्र त्याला उतरवेना, म्हणून त्यानं पुतण्याच्या हाती सुपारी धाडली. खालचा कारभारी ओट्यावर बसला होता. त्यानं पुतण्याला घोंगडी टाकून दिली, पाणी दिलं, गुळाचा खडा दिला आणि सुपारी परत दिली.

"चुलत्याला म्हणावं, दोन दारं हलकी होती, आमचंच जड झालं का?"

पुतण्या गुडघ्याचं सांगू लागला, पण ते कुणी ऐकून घेतलं नाही. सुपारी परत आलेली पाहून वरचा कारभारी म्हणाला, "परत आलेली सुपारी पुन्हा जात नसते." हे खाली कळलं, तेव्हा खालचा कारभारी म्हणाला, "दारी येऊन हातावर सुपारी ठेवल्याशिवाय आमच्या आळीचा हात कानाला लागणार नाही." दोघंही वाईट नव्हते. दोघांनीही उभ्या जन्मात कुणाचं वाकडं केलं नव्हतं. त्यामुळंच आपलं काही चुकत असेल, असं दोघांनाही वाटलं नाही.

खालच्या कारभाऱ्याची एकुलती एक लेक वरच्या आळीत दिली होती. तिला एक लहान मुलगी होती. नवरा मोठा थट्टेखोर, दोन्ही आळ्यांत त्याची ऊठबस. वरच्या आळीतली माणसं त्याला छेडू लागली, "काय जावईबापू, उद्या कुणाच्या चुलीवर जेवणार?" तो म्हणाला, "जिथं आधी शिजेल तिथं." पण हसून झाल्यावर तो मुकाट्यानं सासऱ्याकडं गेला. सुजलेल्या गुडघ्याची गोष्ट त्यानं पुन्हा सांगून पाहिली. सासऱ्यानं त्याला पाटावर बसवलं, भाकरीवर तुपाची धार धरली आणि बोलणं पेरणीवर नेलं. त्यानं जावयाचा मान ठेवला. म्हणणं तेवढं ठेवून घेतलं नाही.

जत्रेच्या दिवशी तीन आळ्यांनी काहिलीखाली ओंडके घातले आणि ढकलत, सरकवत ती माळावर नेली. खालची आळीही आली. देवी सगळ्यांची होती. पण त्यांनी माळाच्या दुसऱ्या टोकाला आपली वेगळी चूल मांडली. दरवर्षी सगळ्यांच्या गाड्या पायथ्याशी सुटायच्या. या वर्षी खालच्या आळीनं आपल्या गाड्या वर आणल्या आणि ओळीनं उभ्या केल्या. आपण वेगळे आहोत हे लांबून दिसावं, एवढ्याचसाठी.

दुपार कलेपर्यंत सगळं ठीक होतं. दोन चुलींचे दोन धूर वेगवेगळे सरळ वर जात होते. मग वारा पडला. धूर जागीच घुटमळले. थोड्या वेळानं उलट्या बाजूनं वारा सुटला आणि दोन्ही धूर एकाच दिशेनं जमिनीवर लोळले. आभाळाच्या कडेला काळंनिळं, हिरवट झाक असलेलं काहीतरी उभं राहिलं होतं. पायथ्याशी बैल हंबरू लागले, तसे तिन्ही आळ्यांचे निम्मेअधिक पुरुष बैल सांभाळायला खाली धावले. ते अजून वाटेत होते तोच वाऱ्यानं मांडवाचं कापड फाडून उचललं आणि माळापलीकडं नेलं.

पहिल्या गारा हरभऱ्याएवढ्या होत्या. पोरं त्या वेचायला धावली. मग बोराएवढ्या पडू लागल्या. एका पोराच्या कपाळातून रक्त आलं आणि सगळी रडत आयांना बिलगली. आयांकडं पदरापलीकडं काही नव्हतं.

खीर करणारी म्हातारी चुलीपाशी उभी होती. विस्तव तिनं मघाच ओढून घेतला होता. ती म्हणाली, "काहील ओता. पोरं तिच्याखाली घ्या."

पुजारी म्हणाला, "अजून नैवेद्य व्हायचाय."

"देवीला मी सांगते. ओता."

कडा भाजत होत्या. बायांनी हातांना पदर गुंडाळले, पुरुषांनी डोक्याची मुंडाशी सोडून हातांना गुंडाळली. तीन कानांनी जोर केला. काहील कलली आणि गावाची खीर माळावर पसरली. मग ती पालथी घालून कमरेइतकी वर धरली आणि पोरांना तिच्या पोटाखाली बसवलं. पुरती टेकवून चालणार नव्हतं. आत पोरं चेंगरली असती, घुसमटली असती. कुणीतरी धरून उभं राहायलाच हवं होतं.

तीन बाजू वर राहिल्या. चौथी खाली आली. आतून पोरांचा एकच कल्लोळ उठला. उरलेली माणसं मोजकीच होती. एकानं जागा सोडली की तो कान खाली जात होता. आणि दुसऱ्या आळीच्या कानाला हात लावायचा नाही, ही सवय इतकी जुनी होती की एवढ्या गर्दीगोंधळातही चौथ्या कानाकडं कुणाचा हात गेला नाही.

जावई वरच्या आळीच्या कानाला होता. त्यानं शेजाऱ्याला म्हटलं, "माझा भार तुम्ही ओढा," आणि तो चौथ्या बाजूला गेला.

"तो आपला कान नाही," कुणीतरी सवयीनं बोललं.

"माझ्या सासरवाडीचा आहे," तो म्हणाला. "जावयानं धरला तर कोण रुसतंय?"

तेवढ्यातही दोघं-तिघं हसले. त्यानं गुडघा टेकला, कडेखाली खांदा घातला आणि जिथं सहा माणसं लागायची तिथं एकट्यानं काहील वर घेतली. काहील सरळ झाली. त्याची पाठ आणि उघडं डोकं तेवढं बाहेर राहिलं.

माळाच्या दुसऱ्या टोकाला खालची आळी गाड्यांखाली शिरली होती. कारभारी डोक्यावर घोंगडी धरून गाडीच्या तोंडाशी उभा होता. गारांच्या पडद्यातून त्याला काहिलीची काळी आकृती दिसत होती. ती एका बाजूला खाली गेलेली त्यानं पाहिली. त्याच्या मागची तरणी पोरं कमरा बांधून तयार झाली आणि त्याच्या तोंडाकडं पाहू लागली. तेवढ्यात काहील पुन्हा सरळ झाली. कारभारी म्हणाला, "सरळ झाली म्हणजे जमतंय त्यांचं. आपण लागलो असतो तर बोलावलं असतं." पोरं पुन्हा खाली बसली.

इकडं गारा सुपारीएवढ्या झाल्या. खालच्या कारभाऱ्याची लेक काहिलीची कड धरून उभी होती. तिला समोर नवऱ्याची वाकलेली पाठ दिसत होती, आणि पायांपाशी, काहिलीखाली, आपल्या मुलीचा रडण्याचा आवाज ऐकू येत होता. ती वरच्या कारभाऱ्याला म्हणाली, "कारभारी, खालच्या आळीला हाक घाला."

वरचा कारभारी सुजल्या गुडघ्यावर भार देऊन कान धरून होता. त्याच्या गालावरून रक्त ओघळत होतं. तो म्हणाला, "त्यांना दिसतंय. यायचं असेल तर येतील. सुपारी त्यांनी परत केली, मी नाही."

तिची सासू शेजारीच होती. ती हळूच म्हणाली, "तू जा. तुझ्या वाटचं मी धरते."

लेकीनं खिरीची परात डोक्यावर घेतली आणि माळावरून पळत सुटली. परातीवर गारा अशा वाजत होत्या की तिला स्वतःचा श्वास ऐकू येईना. गाड्यांपाशी पोहोचली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत काळेनिळे झाले होते.

"आबा, कान धरायला चला."

कारभाऱ्यानं तिला घोंगडीखाली ओढलं. "तुला कुणी पाठवलं?"

"कुणी नाही."

"मग त्यांनी बोलावलेलं नाही."

ती खाली वाकली, पायाशी पडलेली एक गार उचलली आणि त्याचा हात ओढून त्याच्या तळव्यावर ठेवली.

"ही घ्या सुपारी," ती म्हणाली. "तुमच्या कानाखाली तुमचे जावई एकटे आहेत."

कारभाऱ्यानं मूठ मिटली. घोंगडी तिथंच पडली. तो म्हातारा पुढं आणि सगळी आळी मागं, अशी ती माणसं माळावरून धावली. काहीजण घसरून पडले, उठले, पुन्हा धावले. चौथ्या कानाला हात लागले. सहा लागायचे तिथं दहा लागले.

पण जावयाचा खांदा कडेखालून निघेना. त्याची बोटं कडीत अडकून बसली होती. सासऱ्यानं ती एकेक करून सोडवली. जावयानं मान वळवून पाहिलं. त्याच्या कानातून रक्त येत होतं.

"आबा," तो म्हणाला, "नीट धरा. गरम आहे."

काहील तेव्हा बर्फासारखी गार पडली होती.

तो तिथंच काहिलीला पाठ टेकून बसला. दमला असेल, असं सगळ्यांना वाटलं. गारा थांबल्या, आभाळ फाकलं, काहील बाजूला ठेवली, तेव्हा पोरं डोळे चोळत बाहेर आली. एकही दगावलं नव्हतं. त्याची मुलगी धावत आली आणि चिकट हात दाखवत बापाला सांगू लागली, की आत वरून खिरीचे थेंब पडत होते आणि आम्ही ते चाटले. तिनं दोनदा सांगितलं. मग तिच्या आजीनं तिला उचलून लांब नेलं.

त्या वर्षी गावजेवण झालं नाही. माळावर गारांखाली खीर थिजली होती. आधी मुंग्या आल्या, मग कावळे.

पुढच्या चैत्रात वरचा कारभारी काठी टेकत खालच्या आळीचा उतार उतरला. त्याला वाटेत तीनदा बसावं लागलं. ओट्यापाशी येऊन त्यानं सुपारी पुढं केली. खालच्या कारभाऱ्यानं हात पुढं केला नाही.

"माझी सुपारी मला पोहोचली आहे," तो म्हणाला. "विरघळली, पण हात अजून गार आहे."

वरच्या कारभाऱ्यानं सुपारी ओट्यावर ठेवली. मग म्हणाला, "एक हाक घालायची होती मला. तोंड तर कुणी बांधलं नव्हतं." तो ओट्यावर बसला. दोघं म्हातारे दिवेलागणीपर्यंत तसेच बसले, आणि सुपारी दोघांच्या मध्ये पडून राहिली.

तेव्हापासून त्या गावात कुणी कुणाला सुपारी देत नाही. ज्याचा हात मोकळा, तो जवळचा कान धरतो. चौथ्या कानाला गाव जावयाचा कान म्हणतं आणि त्यालाच सगळ्यात आधी हात लागतात. खालचा कारभारी फार म्हातारा झाला तरी जत्रेला उजाडायच्या आत येऊन तिथं उभा राहायचा. लेकही यायची, त्याच्या शेजारीच उभी राहायची. त्या दिवसापासून ती बापाशी बोलली नव्हती, घरी नाही आणि माळावरही नाही. फक्त खीर झाली आणि काहील उतरवायची वेळ आली, की ती एक ओलं फडकं त्याच्या हातात द्यायची आणि वर्षातलं तेवढंच एक बोलायची:

"नीट धरा. गरम आहे."

तात्पर्य: संकटात एकानं बोलावण्याची वाट पाहिली आणि दुसऱ्यानं हाक गिळली, तर दोघांचा मान राहतो, माणूस राहत नाही.