खुर्चीचा होकार

मेघगड संस्थानची विमानं सकाळपासून मैदानात उभी होती, कारण खुर्ची करकरत नव्हती.

ही खुर्ची म्हणजे संस्थानच्या विमान कंपनीतली बडी अधिकारी. झालं होतं असं, की मेघगडचे महाराज उग्रप्रताप आणि शेजारच्या रानपूरचे राजे यांनी आपापल्या विमान कंपन्या एक करायचं ठरवलं. उत्साहाच्या भरात महाराजांनी हुकूम काढला, की यापुढे मेघगडच्या नोकरीत येणाऱ्या रानपूरच्या प्रमुखाचा होकार घेतल्याशिवाय मेघगडचं एकही विमान उडणार नाही. त्या प्रमुखासाठी धावपट्टीच्या कडेला चौथरा बांधून त्यावर शिसवी खुर्ची मांडली. वैमानिकांना दोन तोंडांच्या टोप्या शिवल्या. पुढची झाप मेघगडची, मागची रानपूरची. आणि मग ठरावाच्या जेवणातच दोन्ही राजांचं वाजलं. प्रवाशांना विमानात चहा द्यायचा की ताक, एवढ्यावरून रानपूरकर भरल्या पानावरून उठले, ते परत आलेच नाहीत.

कंपन्या काही एक झाल्या नाहीत. हुकूम मात्र राहिला. महाराज एकदा काढलेला हुकूम मागे घेत नसत. तेव्हा दिवाण नरहरपंतांनी तोड काढली. रानपूरचा प्रमुख नाही तर नाही, त्याची खुर्ची तर आहे. तिलाच त्या जागेवर नोकरीत घेतलं. वैमानिकाने तिला मुजरा करावा, उडू का म्हणून विचारावं आणि ती करकरली की होकार समजावा. विचारताना हात लावायचा नाही, एवढी एकच अट.

वारा असला की बरं चालायचं. वारा पडला की विमानं तिथल्या तिथे आणि आत प्रवासी घामाघूम. एकदा एका नवरदेवाचा मुहूर्त टळला. त्याने खाली उतरून आबाजी वैमानिकांच्या टोपीची आधी पुढची झाप उपटली, मग मागची. आबाजी संस्थानचे सगळ्यांत जुने वैमानिक. वादळातून विमान सुखरूप उतरवलेला माणूस तो. त्यांनाही खुर्चीपुढे वाकून परवानगी मागावी लागायची.

बरं, उशीर झाला की बोलणी वैमानिकांनाच. शेवटी महाराजांनी ताकीद दिली, की आणखी एकदा विमान रखडलं तर सगळ्या वैमानिकांची बदली हत्तीखान्यात. हत्ती निदान वेळेवर निघतात.

वैमानिक घाबरून गाऱ्हाणं घेऊन गेले. महाराजांनी ऐकून घेतलं आणि मिशीवर हात फिरवला.

"हुकूम मागे घेणार नाही. तो मागे न घेता तुमची अडचण सुटत असेल, तर शुक्रवारच्या दरबारात सोडवून दाखवा. नाहीतर अंकुश धरायला शिका."

सगळे माना खाली घालून परतले. त्यांच्यात द्वारका नावाची एक वैमानिक होती, घाणेवाल्या तेल्याची मुलगी. तिने दोन दिवस विचार केला आणि सोबत्यांना सांगितलं, की दरबारात महाराज काहीही विचारोत, मी खोकेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. मग ती दिवाणांकडे गेली. म्हणाली, खुर्ची एवढी मोठी अधिकारी, तिला दरबाराचं बोलावणं नको का? दिवाणांना ते पटलं. दरबारात जायचं तर न्हाऊमाखू घालायला हवं, हेही पटलं. द्वारकेने बापाच्या घाण्यावरचं करडईचं तेल आणलं आणि खुर्चीच्या सांध्यासांध्यात मुरेपर्यंत ओतलं.

शुक्रवारी दरबार भरला. वैमानिक ओळीने उभे राहिले, शेवटी खुर्ची ठेवली. महाराजांनी विचारलं, बोला, तुम्ही नोकरीवर खूश आहात की नाही? कुणी बोलेना. महाराजांनी पुन्हा विचारलं. आबाजी छताकडे बघत राहिले. महाराजांचा चेहरा लाल झाला.

"जो माझ्या प्रश्नाला उत्तर देणार नाही, त्याची नोकरी या क्षणी संपली. हा माझा हुकूम आहे!"

"लहानमोठ्या सगळ्यांना लागू, महाराज?" द्वारकेने नम्रपणे विचारलं.

"सगळ्यांना. दिवाणांनासुद्धा."

दिवाण घाईघाईने म्हणाले, की आपण अत्यंत खूश आहोत. द्वारका खोकली, आणि सगळे वैमानिक एका सुरात म्हणाले, "नाही, महाराज!"

"एक अधिकारी उरली," द्वारका म्हणाली आणि बाजूला सरकली.

महाराज खुर्चीकडे वळले. त्यांनी विचारलं. खुर्ची गप्प. त्यांनी आवाज चढवून विचारलं. तरी गप्प. दिवाणांनी हळूच फुंकर मारून पाहिली, मग कुणाचं लक्ष नाहीसं बघून गुडघ्याने ढोसली. तेल प्यायलेली खुर्ची हूं की चूं करीना.

"म्हणजे हिची नोकरी गेली," महाराज सावकाश म्हणाले. "पण मग माझा पहिला हुकूम?"

"तो जागच्या जागी आहे, महाराज. नोकरीत असलेल्या रानपूरच्या प्रमुखाचा होकार घ्यायचा, तो आम्ही जरूर घेऊ. पण आता आमच्याकडे रानपूरचं कुणी नोकरीलाच नाही, तेव्हा न विचारताच उडू. आपण एकही हुकूम मागे घेतला नाही. उलट एक जास्तीचा दिलात."

 महाराजांच्या मिशा थरथरायला लागल्या. रागाने की कशाने, ते कुणाला कळेना. तेवढ्यात दिवाणांनी काळजीच्या स्वरात विचारलं, की इतके महिने इमानाने काम केलेल्या अधिकारी आहेत, त्यांना निवृत्तिवेतन द्यावं लागेल का?

महाराजांनी द्वारकेकडे पाहिलं.

"मागितलं, तर द्यावं, महाराज," ती म्हणाली.

महाराज एवढे हसले, की पगडी डोळ्यांवर आली. ती सरळ करायचंही त्यांना सुचेना. हसता हसताच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून द्वारकेला दिलं आणि तिला विमान कंपनीची प्रमुख नेमलं. हा हुकूमही मागे घेतला जाणार नाही, असं दिवाणांना वर बजावलं.