तळ्याचा उत्तर कोपरा

दोन डोंगरांच्या बेचक्यात एक तळे होते आणि त्याच्या काठी एक पाणमांजर राहत असे. मुलांनो, पाणमांजर म्हणजे मासे धरून खाणारा, मुंगसासारखा लांबट पण अंगाने चांगला दणकट प्राणी. हे पाणमांजर स्वभावाने मोठे अगत्यशील होते. कोणी नवखा काठावर दिसला, की हातातला मासा टाकून ते त्याला तळे दाखवायला धावे.

तळ्याच्या उत्तर कोपऱ्यात जमिनीतून एक झरा वर येई. त्याचे पाणी भर उन्हाळ्यातही गार असे. झऱ्याभोवती लव्हाळ्यांचे दाट बेट होते आणि त्या बेटालगतच पाणमांजराचे बीळ होते. दर हिवाळ्यात बर्फाच्या डोंगरांपलीकडून हंसांचा थवा या कोपऱ्यात उतरे. त्यांना पाहायला हळूहळू चारी दिशांनी प्राणी येऊ लागले. हरणे आली, वानरे आली, रानडुकरांचे कळप आले. त्यांना हंस नीट दिसावेत म्हणून पाणमांजराने आपल्या दातांनी लव्हाळी कापून वाट केली. पुढच्या वर्षी ती रुंद केली. त्याच्या पुढच्या वर्षी बेटच उरले नाही. "काय देखणी जागा आहे हो तुमची!" असे कोणी म्हटले, की पाणमांजराला कष्टाचे चीज झाल्यासारखे वाटे.

तळ्यावरचा बगळा तर फारच खूश होता. पाहुण्यांच्या पायांनी पाणी ढवळले, की मासे भेदरून उथळात येत आणि त्याला नुसती चोच खाली करावी लागे. "दादा, आणखी पाहुणे बोलवा," तो पाणमांजराला म्हणे. "तळ्याचे नाव झाले पाहिजे."

त्याच सुमारास ऋतूंचेही काहीतरी बिनसले होते. ऊन वर्षागणिक कडक होत होते. पाऊस यायचा तो चार दिवसांत झोडपून जायचा आणि मग महिना महिना फिरकायचा नाही. काठाची माती धरून ठेवायला लव्हाळ्यांची मुळे नव्हती. ती माती सारी वाहून झऱ्यावर बसली. झरा बारीक झाला. एका वैशाखात पाण्याला वास येऊ लागला, मासे उलटे होऊन तरंगू लागले. पाणमांजराला दोन पिल्ले होती. त्यांतल्या धाकटीने ते पाणी प्यायल्यावर अंग टाकले आणि तिसऱ्या दिवशी ती गेली.

पाणमांजर कितीतरी वेळ तिच्याजवळ बसून राहिले. तळ्यातली म्हातारी कासवीण चिखलातून ओढत ओढत त्याच्यापाशी आली.

"आजी, हे असे कसे झाले?" पाणमांजराने विचारले.

"झऱ्याचे तोंड बुजले रे. लव्हाळी असती तर माती अडली असती. ऊन आपल्या हातात नाही, पण सावली होती ना."

लव्हाळी कोणी कापली, हे कासविणीने विचारले नाही. विचारायची गरजही नव्हती. पाणमांजराने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी त्याने तळ्यावरच्या सगळ्यांना जमवले. "आजपासून तीन वर्षे उत्तर कोपऱ्यात कामाशिवाय कोणी पाय टाकायचा नाही," ते म्हणाले. "झऱ्यावरची माती आपण काढू, लव्हाळी पुन्हा लावू. पाहुणे येतील ते दक्षिणेच्या खडकाळ काठावर आणि तेही निम्मेच."

बगळा उसळून म्हणाला, "दारी आलेल्याला परत पाठवायचे? ही कुठली रीत? आणि काय हो दादा, तुमचे बीळ कुठे आहे? उत्तर कोपऱ्यातच ना? म्हणजे आम्ही बाहेर आणि तुम्ही गारव्याला!"

सगळ्यांच्या नजरा पाणमांजराकडे वळल्या. त्याचे बीळ त्याच्या आजोबांनी खणलेले होते. त्याच बिळात त्याची पिल्ले जन्मली होती. ते उठले, बिळात गेले आणि आपली जोडीदारीण आणि उरलेले पिल्लू यांना घेऊन बाहेर आले. भर दुपारी तिघेही तळ्याला वळसा घालून दक्षिणेच्या तापलेल्या खडकांत राहायला गेली. ते पाहून पाणकोंबड्या आल्या, बेडूक आले आणि संध्याकाळपर्यंत सगळे माती उपसायला लागले. बगळा मात्र रागाने उडून डोंगरापलीकडच्या दुसऱ्या तळ्यावर गेला. "इकडे या, इथे कसली आडकाठी नाही," असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला.

हिवाळ्यात हंस आले. त्यांची म्होरकी उत्तर कोपऱ्याकडे उतरू लागली, तसे पाणमांजर आडवे आले.

"ताई, तिकडे नको. आणि यंदा निम्म्यांनीच राहा."

म्होरकी थक्क झाली. "अरे, आमची पिल्ले पहिल्यांदाच बर्फाचे डोंगर ओलांडून आली आहेत. त्यांचे पंख बघ कसे थरथरताहेत. तू आम्हाला हाकलतोस? तू?"

पाणमांजराला हुंदका आवरेना. "तुम्हाला नाही म्हणताना माझी जीभ झडत कशी नाही, असे वाटते. पण या पाण्याने माझे लेकरू नेले, ताई. सगळ्यांना ठेवून घेतले तर पुढच्या हिवाळ्यात कोणालाच ठेवून घेता येणार नाही."

म्होरकीने त्याच्याकडे पाहिले. खडकांनी सोललेले त्याचे पंजेही तिने पाहिले. मग तिने पिल्ले आणि त्यांच्या आया दक्षिण काठावर ठेवल्या आणि बाकीचा थवा घेऊन ती मुकाट्याने डोंगरापलीकडे गेली. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी फारसे पाहुणे आले नाहीत. आले ते "पूर्वीची मजा नाही" म्हणून नाके मुरडून गेले. पाणमांजराने सारे ऐकून घेतले.

तिसऱ्या वर्षी पावसाने पाठच फिरवली. डोंगरापलीकडचे तळे चैत्रातच आटले आणि त्याच्या तळाला भेगा पडल्या. तिथले प्राणी जिभा बाहेर काढून इकडे आले. इथे पाणी कमी झाले होते, पण नितळ होते. लव्हाळ्यांच्या सावलीत झरा वाहत होता. पाणमांजराने सगळ्यांना दक्षिण काठावर आळीपाळीने पाणी पिऊ दिले. शेवटी मान खाली घालून बगळा आला.

"मला पाणी मागायला तोंड नाही, दादा."

"पाणी पी," पाणमांजर म्हणाले. "मागचे काढून कोणाची तहान भागत नाही."

पाणी पिऊन जरा हुशारी आल्यावर बगळ्याने विचारले, "त्या गार कोपऱ्यात घटकाभर बसू का?"

"नाही," पाणमांजर म्हणाले, आणि बगळा दक्षिणेच्या खडकावरच जाऊन बसला.

पुढे पाऊस झाला. हिवाळ्यात हंस आले आणि कोणी न सांगता दक्षिणेला उतरले. म्होरकी म्हणाली, "पलीकडच्या तळ्यावरचे प्राणी लव्हाळ्यांची मुळे मागताहेत. आमच्या वाटेवर आणखी चार तळी अशीच उजाड झाली आहेत. देशील?"

"न्या की. पण त्यांना सांगा, पहिली दोन वर्षे शिव्या खाव्या लागतील."

ठरलेली तीन वर्षे आता सरली होती. जोडीदारीण पाणमांजराला म्हणाली, "चला, आपल्या घरी जाऊ या."

दोघे उत्तर कोपऱ्यापाशी आले आणि बाहेरच थांबले. जुन्या बिळाच्या तोंडाशी लव्हाळी दाटली होती. तिथे एका पाणकोंबडीने घरटे केले होते आणि तिची पिल्ले पाण्यात पोहायला शिकत होती.

"आता ते घर त्यांचे आहे," पाणमांजर हळूच म्हणाले, आणि दोघे आल्या वाटेने परत फिरले.

तात्पर्य : पाहुण्यांचे स्वागत करायचे तर आधी आपली भूमी जपावी लागते, आणि जो नियम घालतो त्याने त्याची पहिली झळ स्वतः सोसली, तरच बाकीचे त्याच्या मागून येतात.