‘टिकलं’ नावाचा ग्राफ

"पण खरं आहे ते चारचौघांत दाखवायला हरकत काय, अप्पाजी?"

अप्पाजींनी पुढ्यातल्या सुपातली एक चिंच उचलून चिंचोका काढला आणि बाजूला टाकला.

"सांगा की. दाखवू का नको?"

गडहिंग्लजच्या पलीकडे टेकडीवर आमचा हा मठ. लहानसाच. अप्पाजी इथले स्वामी, आणि मी इथला पडेल ते काम करणारा माणूस. त्या सकाळी मी अप्पाजींच्या शेजारी बसून चिंच फोडत होतो, म्हणून हे सगळं मला जिथल्या तिथे ऐकायला मिळालं. एरवी मठातल्या गोष्टी माझ्यापर्यंत येतात त्या तिखटमीठ लावूनच येतात.

विचारणारा महांतेश. निपाणीचा, पण आता नोकरीसाठी पुण्याला असतो. लहानपणी वडिलांच्या बोटाला धरून यायचा. आता मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता, आणि लॅपटॉपपेक्षा तोच जास्त तापलेला होता.

"कार्यक्रम कसला म्हणालास?" अप्पाजींनी विचारलं.

"साखरपुडा. अण्णाच्या मुलीचा. उद्या निपाणीला."

"आणि साखरपुड्यात तू काय दाखवणार?"

"ग्राफ."

माझ्या हातातला चिंचोका घरंगळत ओसरीच्या टोकापर्यंत गेला. मी तो आणायला उठलो नाही. उठलो असतो तर पुढचं चुकलं असतं.

महांतेशची अडचण अशी होती. वडील गेल्यावर त्यांचे शेअर आणि फंड दोघा भावांनी निम्मे निम्मे वाटून घेतले. त्या वाटणीला मामा, काका, आत्या, सगळे बसले होते. त्या सगळ्यांदेखत इरण्णा, म्हणजे त्याचा थोरला भाऊ, म्हणाला होता, "घे बाबा. पण तुझ्या हातात काही टिकायचं नाही."

एवढंच. पण ते महांतेशला असं लागलं की त्यानंतर तो अण्णाचा उंबरा चढला नव्हता. पुतणीचा साखरपुडा ठरला, अण्णाने स्वतः फोन केला, वहिनीने केला, पुतणीने तर रोज केला. जायचं त्याच्याही मनात होतं. फक्त हात हलवत जायचं नव्हतं.

"तेच सगळे लोक उद्या असणार, अप्पाजी. हॉलमध्ये मोठा पडदा लावलाय, पोरीचे लहानपणचे फोटो दाखवायला. फोटो संपले की माझा ग्राफ. एका मिनिटाचं काम. मग जेवायला बसू सगळे."

"बघू की," अप्पाजी म्हणाले.

महांतेशचा चेहरा उजळला. त्याने लॅपटॉप वळवला. पडद्यावर दोन रेघा होत्या. एक भगवी, ती वर गेलेली. एक राखाडी, ती खालून येत होती.

"भगवी मी. राखाडी अण्णा."

"त्याचं तुला कसं दिसतं?"

"बाबांनी हिशेबाला हे सॉफ्टवेअर घेतलं होतं. अजून दोघंही त्यातच बघतो. खातं एकच, पासवर्ड एकच."

"वाटणी झाली तरी पासवर्ड बदलला नाही?"

"नाही."

"त्यानेही नाही?"

"नाही... राहून गेलं."

अप्पाजींनी मान डोलावली आणि आणखी एक चिंच घेतली.

महांतेश मग रंगात आला. हा ग्राफ त्याने स्वतः बसवला होता. काय काय शेजारी मांडायचं, रेघ कुठल्या रंगाची, सुरुवात कुठून, सगळं त्याच्या मनासारखं. एकदा बसवून सेव्ह केला की झालं. पुन्हा खटपट नाही. नाव दाबलं की हजर.

"म्हणजे चित्र जपून ठेवतं?"

"चित्र नाही, अप्पाजी. आपण काय विचारलं होतं ते जपून ठेवतं. उघडलं की ताजे आकडे घेऊन परत काढतं."

"म्हणजे उत्तर विसरतं, प्रश्न तेवढा ध्यानात ठेवतं."

"तसंच."

"बरं आहे की. आमच्याकडे उलटे लोक जास्त येतात."

महांतेश हसला. आपल्यालाच म्हणालेत हे त्याला कळलं नाही, किंवा कळलं असेल.

"आणि हा साचा कुठेही चालतो," तो म्हणाला. "समोर कुणालाही ठेवा. सोनं ठेवा, बँकेची ठेव ठेवा, अख्खा बाजार ठेवा, अण्णाला ठेवा."

"आणि तू?"

"मी असतोच."

"कुठे?"

"वर."

अप्पाजींनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. पडद्याच्या कोपऱ्यात ग्राफचं नाव होतं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं.

"टिकलं."

"सेव्ह करताना नाव विचारतं," महांतेश खाली बघत म्हणाला.

अप्पाजींचं बोट दोन्ही रेघांवरून मागे मागे आलं आणि डाव्या टोकाला थांबलं. तिथे दोन्ही रेघा एकाच जागेवरून निघाल्या होत्या.

"वाटणी या दिवशी झाली?"

"नाही. वाटणी आधीच झाली होती."

"मग या दिवशी काय झालं?"

"तसं काही नाही..."

"लग्न? बारसं?"

"नाही, अप्पाजी. तिथून धरलं की... बरं दिसतं."

मी चिंचेत डोकं खुपसलं. हसू फार अडचणीच्या वेळी येतं.

"मागे नेता येते का ही सुरुवात?"

"येते. ही तारीख सरकवायची."

"सरकव की मग."

महांतेशने वाटणीच्या दिवसापर्यंत तारीख सरकवली. रेघा गायब झाल्या आणि क्षणात पुन्हा उमटल्या. राखाडी वर, भगवी खाली. वाटणीनंतर लगेच एका मित्राच्या सांगण्यावरून घेतलेला शेअर आपटला होता, ते तो पुटपुटत सांगू लागला. त्याचे कान लाल झाले होते. आता अप्पाजी चार शब्द सुनावणार, असं मलाही वाटलं.

अप्पाजी मात्र पुढे सरकले होते. डोळे चमकत होते.

"हे तर भारी आहे. परत पुढे ने."

भगवी वर.

"आता थोडं मागे."

राखाडी वर.

"अजून मागे... अरे, परत तू! हा बघ, हा आला वर! मला दे, मला दे."

आणि अप्पाजी स्वतःच तारीख सरकवायला लागले. चिंचेची बोटं होती, ती त्यांनी धोतराला पुसली एवढंच. जत्रेतल्या पाळण्यात दोन भाऊ समोरासमोर बसवावेत, तसा एक वर जायचा आणि एक खाली यायचा. एवढ्या वर्षांत त्यांना इतकं खुश झालेलं मी पाहिलं नव्हतं. महांतेश आधी लॅपटॉपच्या काळजीने बघत होता. मग तोही वाकून बघायला लागला. "आता अण्णा," म्हणायला लागला. "आता मी. आता परत अण्णा."

तेवढ्यात घंटा झाली.

दुपारच्या जेवणाला आमच्याकडे दासोह म्हणतात. येईल त्याने बसावं, पोटभर जेवावं. त्या दिवशी हुग्गी होती. गहू शिजवून, गूळ घालून केलेली ही खीर आमच्या भागात लोक वाट वाकडी करून खायला येतात. महांतेशला ती लहानपणापासून जीव की प्राण. तो झपझप गेला आणि पंगतीच्या पहिल्या बस्करावर बसला. अप्पाजी मागून सावकाश आले आणि त्याच्याच शेजारी बसले.

वाढप माझ्याकडे होतं. मी बादली आणि पळी घेऊन बाहेर आलो आणि पंगतीच्या दुसऱ्या टोकाकडे गेलो.

महांतेश मान लांब करून बघत होता. हुग्गी एकेका पानात पडत होती, वर तुपाची धार पडत होती, आणि त्याचं पान केळीच्या झाडावर असल्यासारखं कोरं होतं.

"अप्पाजी, पंगत इकडून सुरू होते ना?"

"काल झाली."

"मग आज?"

"आज तिकडून."

"आणि उद्या?"

"उद्या वाढणारा ठरवेल. आपल्या मठाचा रिवाजच आहे. तू विसरलास."

मी हळूहळूच येत होतो. बादली जड होती, आणि खरं सांगायचं तर मला घाईही नव्हती.

"मग पहिला कोण ते कसं कळणार, अप्पाजी?"

"हुग्गी संपते का?"

"नाही."

"बस की मग."

महांतेश आपल्या कोऱ्या पानाकडे बघत राहिला...

आणि हसायला लागला. आधी नाकातून, मग पोट धरून. शेजारचे काका दचकले. हुग्गी त्याच्या पानात पडली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते हसण्याचं असावं. सगळंच हसण्याचं होतं असं मी म्हणणार नाही.

तो तीनदा मागून जेवला.

हात धुऊन तो ओसरीवर आला आणि लॅपटॉप उघडून बसला. यावेळी अप्पाजींना काही सांगावं लागलं नाही. त्याने सुरुवातीची तारीख धरली आणि सरकवत, सरकवत आजच्या दिवसावर आणली.

रेघा आखूड झाल्या. अजून आखूड झाल्या. मग उरला एक ठिपका. तो भगवा होता की राखाडी, हे मला तरी सांगता आलं नसतं. खाली एक ओळ आली.

"काय लिहिलंय?" अप्पाजींनी विचारलं.

"तुलना करण्याइतकी माहिती उपलब्ध नाही."

"परत वाच."

महांतेशने परत वाचलं. अप्पाजींनी डोळे मिटून ऐकलं. एखादं वचन ऐकावं तसं ऐकलं.

महांतेशने सेव्ह दाबलं. नाव विचारलं गेलं. त्याने तेच नाव लिहिलं, टिकलं. सॉफ्टवेअरने शंका काढली. या नावाचा ग्राफ आधीच आहे, त्याच्या जागी हा ठेवायचा का?

महांतेशचं बोट थोडा वेळ तिथेच थांबलं.

मग त्याने ‘हो’ दाबलं.

आणि फोन लावला. पलीकडून इतक्या मोठ्याने आवाज आला की तो मलाही ऐकू आला. इरण्णाला फोनवर हळू बोलता येत नाही, कधीच आलं नाही.

"कुठे आहेस तू?"

"मठात. अण्णा... उद्याच्या जेवणात काय आहे?"

एवढ्या वर्षांनी भाऊ फोन करतो आणि जेवणात काय म्हणून विचारतो.

"हुग्गी," अण्णा म्हणाला. "दुसरं काय असणार? पण ते उद्याचं झालं. तू आजच ये की. मी एकटा कुठे कुठे बघू? आचारी वेगळं बोलतोय, मांडववाला वेगळं बोलतोय. तू आलास की मला जरा बसता येईल."

"येतो."

"येतो म्हणजे निघालास का?"

"निघालो, अण्णा."

त्याने फोन ठेवला आणि चेहऱ्यावरून हात फिरवला. तोंडभर हसत होता. लहानपणी प्रसाद मिळाल्यावर हसायचा तसा. मला फार बरं वाटलं. मी एका डब्यात हुग्गी भरून त्याच्या पिशवीत ठेवली, अण्णासाठी.

अप्पाजींच्या पाया पडून तो निघाला. चार पायऱ्या उतरला आणि थांबला. हुशार माणूस, शंका आल्याशिवाय राहतेय होय?

"अप्पाजी, पण एक आहे. मी आजची तारीख घालून सेव्ह केलंय. उद्या उघडलं की रेघा परत सुटणार. कुणीतरी वर जाणार, कुणीतरी खाली येणार. हा ठिपका काही टिकायचा नाही."

अप्पाजी पुन्हा चिंचेला बसले होते. त्यांनी सूप जवळ ओढलं.

"मग उद्या परत काढ."