लंगड्या बाकाचं उद्घाटन

कोणे एके काळी एका कॉलेजमागे, करंजाच्या झाडाखाली एक लंगडा बाक होता. मोडक्या पायाला विटेचा टेकू, पण पोरं त्याच्यावर बसून मजेत डबा खायची.

एकदा कॉलेजने तिथे ‘विश्रांती कट्टा’ करायचं मनावर घेतलं. गवत उपटलं, बाकाला नवा पाय आणि रंग दिला, समोर लाल फीत बांधली. बाक फुगून करंजाला म्हणाला, “आता बघ गर्दी!”

पण उद्घाटनाला पाहुण्यांची तारीख मिळेना. तोवर कुणी टेकलं की वॉचमन शिट्टी मारायचा. पोरं कंपाउंडबाहेर दगडांवर डबा खाऊ लागली.

सहा महिन्यांनी एका शेळीने फीत खाल्ली.

“चला, झालं एकदाचं उद्घाटन!” बाकाने सुटकेचा निःश्वास टाकला.

“घाई करू नकोस,” करंज म्हणाला. “वॉचमन नवी फीत आणतोय. काटेरी तारेची.”