इनामदारांनी खाल्लेली लाथ

गावच्या इनामदारांचा घोटा घोड्यावरून ऐटीत उतरताना मुरगळला. आंबेहळदीचे लेप झाले, शेक झाला, पण सूज हटेना. शेवटी कुंभारवाड्यातल्या बायजाक्काला बोलावणं गेलं. बायजाक्का पायाळू, म्हणजे जन्मताना पायांकडून आलेली. उसण असो की लचक, तिची लाथ बसली की पळालीच म्हणायची!

बायजाक्कानं पदर खोचला आणि भर चावडीत घोट्यावर नेमकी लाथ हाणली. कट्कन आवाज झाला. इनामदार केकाटले, मग उभे राहिले, मग दोन पावलं चाललेसुद्धा. कळ गेली तशी त्यांना अब्रू आठवली.

"इनामदाराला लाथ मारतेस? आत्ताच्या आत्ता परत घे, नाहीतर गाव सोड!"

बायजाक्काचं घर, चाक, भट्टी, सगळं इथंच होतं. पण जीभ शाबूत होती.

"घेते की सरकार. फक्त परत घ्यायची लाथ उलट्या बाजूनं मारावी लागते, अन् जरा जोरात. मग घोटा होता तस्सा होतो. करा पाय पुढं!"

तिनं पुन्हा पदर खोचला. आठ दिवस पालखीशिवाय न हललेले इनामदार असे पळाले, की जोडे चावडीतच राहिले.