वैद्याच्या मुलीची शाळा

नदीच्या वळणावरच्या एका गावात एक वैद्य राहत होता. त्या गावात दोन शाळा होत्या. टेकडीवरच्या शाळेत वकील, कारकून आणि व्यापाऱ्यांची मुलं जात. नदीकाठच्या शाळेत कुंभारांची, विणकरांची, कोळ्यांची आणि तांड्यावरची मुलं येत.

वैद्याची मुलगी कुमुद सहा वर्षांची झाली. वैद्य म्हणाला, "आपल्यासारख्यांची मुलं टेकडीवर जातात. कुमुदही तिथेच जाईल."

"तुमच्याकडे औषधाला सगळं गाव येतं," त्याची बायको म्हणाली. "मग आपल्या मुलीने अर्ध्याच गावात का वाढायचं? मी नदीकाठची शाळा बघून आले. मास्तर मन लावून शिकवतात."

शेजारणींनी नाकं मुरडली. वैद्यही कुरकुरला. पण ती हटली नाही.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी कुमुदसाठी सगळ्यांच्या पुढे वेगळं बस्कर टाकलं. "वैद्यांची मुलगी आहे," ते कौतुकाने म्हणाले.

सोबत आलेल्या आईने ते बस्कर गुंडाळून ठेवलं. "मास्तर, वेगळंच बसवायचं असतं तर हिला इथे कशाला आणलं असतं?"

सुरुवातीला मुलं कुमुदच्या बोलण्याची नक्कल करायची. "मला तिथे नको," म्हणत ती रडली.

"उद्या मी सोबत येते," आई म्हणाली. "पण शाळा सोडायची नाही."

महिनाभर ती रोज शाळेच्या ओट्यावर बसून राहिली. मग तांड्यावरच्या झमकूने कुमुदला सागरगोटे खेळायला बोलावलं. हळूहळू दोघी तांड्याच्या बोलीत गप्पा मारू लागल्या.

दोन वर्षं गेली. एके दिवशी तांड्यावरची एक बाई लहान मुलाला घेऊन वैद्याकडे धावत आली. मुलाचं अंग तापलं होतं, ते बरळत होतं. वैद्य तापाचा काढा करू लागला. बाई जिवाच्या आकांताने तांड्याच्या बोलीत काही सांगत होती, पण त्याला एक शब्द कळेना.

तिचं बोलणं ऐकून कुमुद ओरडली, "बाबा, थांबा! तो ताप नाही. त्याने धोतऱ्याच्या बिया खाल्ल्यात!"

वैद्याने काढा बाजूला सारला आणि मुलाला ओकारी काढायला लावली. संध्याकाळपर्यंत मुलाने आईला ओळखलं.

मग वैद्य त्या बाईसमोर येऊन बसला आणि कुमुदला म्हणाला, "यांना विचार, पोटात दुखतं याला तुमच्याकडे काय म्हणतात? मला शिकायचंय."

तात्पर्य एवढंच: ज्यांच्यासोबत मुलांना पुढे जगायचं आहे, त्यांच्यासोबतच त्यांना वाढू द्यावं.