फराळाच्या डब्याचा पंचनामा

“रिपोर्ट खोटा असू शकतो की नाही, आक्का? एवढंच सांगा.”

दिगंबर हेंद्रे मठाच्या ओसरीवर टेकायच्या आधीच बोलला. भागूआक्का सुपात अंबाडी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

हेंद्रे निवृत्त फौजदार. नोकरी संपली, संशय घेण्याची सवय काही संपली नव्हती. आक्कांचा अनुग्रह घ्यायच्या आधीसुद्धा तो त्यांच्या माहेरच्या गावी जाऊन गुपचूप चौकशी करून आला होता. आक्कांना ते कळलं होतं. त्या नुसत्या हसल्या होत्या.

“कसला रिपोर्ट?”

“रक्ताचा. साखर निघाली. ती तीन महिन्यांची सरासरी काढतात ना, ती तपासणी. पहिल्यांदा थोडीच जास्त होती. डॉक्टर म्हणाले, खाणं सांभाळा, चाला. सगळं केलं, आक्का. पहाटे उठून टेकडी चढतो. चहा बिनसाखरेचा. भात बंद. आणि काल दुसरा रिपोर्ट आला…”

“उतरली?”

“वाढली!”

आक्कांनी एक देठ मोडून बाजूला टाकला.

“मग खोटं कोण बोलतंय म्हणतोस?”

हेंद्रेला हाच प्रश्न हवा होता. तो सरसावून बसला.

“रक्त घेणाऱ्या माणसाचं लक्ष सगळं मोबाइलमध्ये. बाटल्यांची अदलाबदल झाली असणार. शिवाय डॉक्टरचं आणि त्या लॅबचं साटंलोटं असेल. म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये गेलो. तिथेही तेच.”

“म्हणजे तेही सामील.”

“असू शकतं,” हेंद्रे गंभीरपणे म्हणाला. मग त्याने आवाज खाली आणला. “घरात बायकोवरही संशय आहे. सुमती माझ्या चहात गुपचूप घालते की काय, म्हणून मी साखरेच्या डब्याला दोरा बांधून ठेवला होता.”

“तुटला?”

“नाही.”

तुटला असता तर त्याला बरं वाटलं असतं, असं त्याचा चेहरा सांगत होता.

“गोळ्या दिल्या असतील.”

“दिल्यात. देवघरात ठेवल्यात. आधी गुन्हा शाबित होऊ दे.”

आता आक्कांनी वर पाहिलं. मग खाली, त्याच्या पायांकडे.

“मोजा कसला घातलास?”

“थंडी…”

“चैत्रात?”

हेंद्रेने पाय आत ओढला.

“आणि एकाच पायाला?”

मठात सगळे अनवाणी येतात. हेंद्रेने चपला दाराशी काढल्या होत्या, पण डाव्या पायातला मोजा तसाच ठेवला होता. जन्मभर दुसऱ्यांच्या लपवाछपव्या पकडल्या, स्वतःला मात्र धड लपवता येत नव्हतं.

“काढ.”

त्याने मोजा काढला. अंगठ्याजवळ जखम होती. कडा काळपट पडल्या होत्या.

“होळीच्या आधी ठेच लागली. भरतच नाही.”

“डॉक्टरला दाखवलीस?”

“नाही. तो कापायलाच टपलेला असेल.” हेंद्रे अंगणाकडे बघत राहिला. “वडिलांचं असंच सुरू झालं. आधी बोट गेलं. मग पाऊल. मग गुडघ्यापर्यंत… आणि मग तेच गेले. आक्का, मला भीती वाटते.”

शेवटचे शब्द त्याच्या तोंडून कसेबसे निघाले. त्या तोंडाला त्यांची सवय नव्हती.

आक्कांनी सूप बाजूला सारलं.

“खातोस काय तू?”

“खातोय कुठे? उपास करतो!” हेंद्रे एकदम ताठ झाला. “पहिल्या रिपोर्टनंतर वाढवले. सोमवार होताच, त्यात गुरुवार धरला, शनिवार धरला. चतुर्थी, एकादशी. एक चुकवला नाही. तर हे डॉक्टर म्हणतात, उपास बंद करा. तिथेच मला त्यांचा संशय आला. उपासाने कधी साखर वाढते का? आजही एकादशी. अन्नाचा कण नाही पोटात.”

आक्का उठून आत गेल्या. ताट घेऊन बाहेर आल्या आणि त्याच्यासमोर बसून शांतपणे एक घास मोडला.

ज्वारीची भाकरी.

हेंद्रेचा डोळ्यांवर विश्वास बसेना.

“आक्का! आज एकादशी!”

“माहीत आहे.”

“आणि तुम्ही भाकरी खाताय?”

“अर्धीच.”

हेंद्रेने डोळे बारीक केले. आरोपीकडे बघायचा तसा तो स्वतःच्या गुरूकडे बघू लागला.

“डॉक्टर इथे येऊन गेला का, आक्का? खरं सांगा.”

आक्कांना ठसका लागला. पाणी पिऊन, डोळे पुसून त्यांनी त्याच्या पिशवीकडे बोट दाखवलं.

“त्यात काय आहे?”

“माझा डबा. फराळाचा.”

“सगळ्यांची झडती घेतलीस. याची घेतलीस?”

“याची कशाला? उपासाचा आहे तो.”

“काढ बाहेर. पंचनामा कर. मोठ्याने.”

हेंद्रेने डबा काढला. एकेक कप्पा उघडून समोर मांडला. सुरुवातीला आवाज अगदी ठाण्यातला होता.

“साबुदाण्याची खिचडी. काठोकाठ. तूप सुटलेलं. बटाट्याची भाजी, दाण्याचं कूट घालून. रताळ्याचे काप…”

“कशातले?”

“गुळातले.” आवाज उतरला. “राजगिऱ्याचे लाडू… खजूर… केळी.”

“आता माझ्या ताटाचा.”

“अर्धी भाकरी. मुगाची उसळ.”

“पुढे?”

“…संपलं.”

उघड्या डब्यावर एक माशी येऊन बसली. हेंद्रेने तिला हाकललं नाही.

“डबा सुमतीने भरलाय,” तो हळूच म्हणाला.

“भर म्हणून सांगितलं कोणी?”

हेंद्रे डब्याची झाकणं लावू लागला.

“इथून उठलास की थेट डॉक्टरकडे जायचं. पाय दाखवायचा. आणि त्या गोळ्या तुला दिल्यात, देवाला नाही.”

त्याने मान हलवली. आक्कांनी उरलेल्या भाकरीचे दोन तुकडे केले. एकावर थोडी उसळ घातली आणि तो त्याच्यापुढे धरला.

हेंद्रेचा हात पुढे आला. मध्येच थांबला.

“आक्का… आईने लहानपणी लावलेला नेम आहे. आजवर एकही उपास मोडला नाही मी. आज मोडू?”

“मोडायला आधी धरावा लागतो, फौजदार.”